माणूस म्हणजे केळीचे झाड नव्हे



केळीच्या बागेत पर्णगुच्छ शिरला की आपण काय करतो? आधी मावा मारतो, मग रोगट झाड कंदासकट उपटून नष्ट करतो. त्या रोगाला औषध नाही आणि मावा तो शेजारच्या झाडावर नेतो, म्हणून ते बरोबरच आहे.

हाच नियम माणसाला लावला की काय होते, ते गोव्यात दिसले. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेले व एका जुन्या क्षयरोग-इस्पितळात कोंडून ठेवले. गुन्हा काय? रक्तदानानंतरच्या तपासणीत एच.आय.व्ही. आढळला, एवढाच. चौसष्ट दिवस ते तिथे होते. त्यांच्या आईने, लूसीबाईंनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १९९२ मध्ये डॉमिनिक वारले. पण त्याआधी अशा रोग्यांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था त्यांनी सुरू केली.

एच.आय.व्ही. माव्यासारखा पसरत नाही. निरोधाशिवायचा शरीरसंबंध, दूषित रक्त, वापरलेली सुई, आणि आईकडून मुलाला, एवढ्याच त्याच्या वाटा. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्याल्याने, हात धरल्याने, डास चावल्याने तो लागत नाही. शिवाय आज औषध आहे, सरकारी केंद्रात ते फुकट मिळते. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही.

मग माणसे औषधाला का जात नाहीत? लाजेपायी. आणि रोगी समलिंगी असेल, म्हणजे पुरुषाची ओढ पुरुषाकडे असेल, तर ती लाज दुप्पट. “तुला हे कोठून लागले?” या एका प्रश्नाला उत्तर देताना त्याची दोन गुपिते उघडी पडतात. म्हणून तो तपासणीच टाळतो. घरचे त्याचे लग्न लावून देतात, आणि काहीच ठाऊक नसलेल्या सुनेलाही धोका पोहोचतो. हे पाप एकट्या त्याचे असे आम्ही म्हणणार नाही.

बडोद्यात २००० सालापासून ‘लक्ष्य ट्रस्ट’ ही संस्था अशा पुरुषांमध्ये काम करत आली आहे. निरोध देणे, तपासणीस व उपचारास नेणे, धीर देणे, असे ते काम. संस्थापकांपैकी एक, राजपीपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल. त्यांचेही लग्न झाले होते, ते टिकले नाही. २००६ मध्ये आपण समलिंगी असल्याचे त्यांनी वर्तमानपत्रातून सांगितले, तेव्हा राजपीपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले आणि घरच्यांनी त्यांच्याशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. राजपुत्राची ही गत, तर शेतमजुराच्या मुलाने कोणाजवळ तोंड उघडावे?

या कामात कायदाही आड येई. लखनौत २००१ मध्ये असेच काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना कलम ३७७ खाली अटक झाली होती. प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा त्या कलमाचा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. त्याच महिन्यात, १० तारखेस, एच.आय.व्ही.विषयीचा २०१७ चा कायदा अमलात आला. त्याप्रमाणे या रोगापायी कोणाला नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून किंवा भाड्याच्या घरातून अन्यायाने काढता येत नाही, आणि संमतीशिवाय तपासणीही करता येत नाही.

समलिंगी संबंधांविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २३५८) अशा माणसांना आदराने व करुणेने वागवावे, त्यांच्याशी अन्यायाने दुजाभाव करू नये, असेही सांगितले आहे. हा भाग आपण फारसा वाचत नाही.

घरात कोणाला शंका असेल तर १०९७ या क्रमांकावर फुकट विचारता येते. तपासणी सरकारी इस्पितळात होते, निकाल गुप्त ठेवतात. औषध सुरू झाले की बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नये. दिवसभर शेतावर राहणाऱ्याने गोळ्यांची डबी भाकरीबरोबरच बांधून न्यावी, आणि ती कसली म्हणून शेजाऱ्याने विचारू नये.