बोटांवरचा हिशेब

बाजारात भाजी घेताना अनेकजण अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवीत हिशेब करतात. चार बोटांची तीन-तीन पेरे मिळून १२ होतात. शाळेत मात्र ‘बोटे मोजू नकोस’ असे बजावले जाते. मोठेपणी शिकू लागलेला माणूस तर मोजताना हातच लपवितो. हा संकोच अनाठायी आहे. मेंदूत संख्या हाताळणारा भाग आणि हाताच्या हालचालींची जाण ठेवणारा भाग अगदी शेजारी-शेजारी असतात.

ही जवळीक तान्ह्या वयातच दिसू लागते काय? १९९२ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी पाच महिन्यांच्या बाळांपुढे एक बाहुली ठेवून ती पडद्याने झाकली. मग एका हाताने दुसरी बाहुली पडद्यामागे नेली व तो हात रिकामा परतला. पडदा दूर होताच दोनऐवजी एकच बाहुली दिसली, तर बाळे तिच्याकडे अधिक वेळ टक लावून पाहत. याच्या अर्थाविषयी शास्त्रज्ञांत पुढे वाद झाले.

२००५ साली कॅनडातील संशोधकांनी सात महिन्यांच्या बाळांना एकच ताल ऐकवला. काहींना दर दुसऱ्या ठोक्यावर झुलवले, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्याला ज्या गणतीने झुलवले होते, तोच ताल ते बाळ अधिक वेळ ऐके. दुसऱ्याला झुलताना नुसते पाहिलेल्या बाळांत हा फरक आढळला नाही. स्वतःचे अंग हलणे आवश्यक होते.

संख्या अशी अंगात भिनविण्याची रीत आपल्या संगीतशिक्षणात रुळलेली आहे. मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौ येथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्यांच्या स्वरलिपीत अक्षरांखाली तालाच्या खुणा असतात, आणि त्या खुणा म्हणजे हाताच्याच क्रिया. त्रितालात १६ मात्रा. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, मधल्या मात्रा बोटांवर. नवव्या मात्रेवर टाळी नसते. तळवा उघडून हात बाजूस नेतात. हिला ‘खाली’ म्हणतात आणि तेथे शून्य लिहितात. विद्यार्थ्याचा कंठ बंदिश गात असतो, त्याच वेळी हात सोळापर्यंत मोजत असतो.