रस्त्याखालची माती

मुलांनो, नव्या डांबरी रस्त्यावर थोड्याच वर्षांत चाकोऱ्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. आपण लगेच डांबराला दोष देतो. परंतु पुष्कळदा खरे कारण त्याखालच्या मातीत दडलेले असते.

वाहन वरून जाताच माती किंचित दबते आणि भार सरताच वर येते. मात्र ती पूर्णपणे पूर्ववत होत नाही. केसाहूनही सूक्ष्म असा खचका मागे उरतो. लक्षावधी चाके गेली म्हणजे हेच सूक्ष्म खचके साचून चाकोरी होते. भिजलेली माती तर अधिकच खचते. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून रस्ता बांधताना कित्येकदा तिच्यात चुना मिसळतात.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ऑटवा गावाजवळ, मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर १९५८ ते १९६० या काळात सैनिकांनी मालमोटारी पुनःपुन्हा फिरविल्या. एका आसावरील भार दुप्पट केला, तर रस्त्याची हानी दुप्पट नव्हे, सुमारे १६ पट होते, असे त्या प्रयोगावरून दिसून आले.

म्हणूनच अभियंता आधी माती तपासतो, कोणता भार किती वेळा येणार याचा हिशेब मांडतो आणि मगच खडीच्या व डांबराच्या थरांची जाडी ठरवितो. मर्यादेबाहेर माल लादणारा मनुष्य हा हिशेब मोडतो. आणि त्याचे हाल मात्र त्या वाटेने जाणाऱ्या सर्वांनाच सोसावे लागतात.