चिंतेवरची गोळी : आराम आणि अवलंबित्व

प्रश्न (लातूर) : दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्या आईला घाबरेपणासाठी रोज रात्री क्लोनाझेपाम दिले जाते. आराम पडतो, पण सवयीच्या भीतीने गोळी बंद करावी का?

उत्तर : क्लोनाझेपाम व अल्प्राझोलाम ही बेन्झोडायझेपिन गटातील औषधे मेंदूची उत्तेजना आवरणाऱ्या ‘गाबा’ या रासायनिक दूताचा परिणाम वाढवतात, त्यामुळे घाबरेपणा लवकर ओसरतो, परंतु काही आठवड्यांच्या रोजच्या वापराने मेंदू त्या आधाराला सरावतो. या सरावाला शारीरिक अवलंबित्व म्हणतात. ते व्यसन नव्हे, आणि त्यासाठी रुग्णाला दोष देणे अन्यायाचे आहे. श्वसनविकारात अधिक गंभीर बाब वेगळीच असते : ही औषधे श्वसन मंदावू शकतात, विशेषतः ट्रामाडोलसारखे वेदनाशामक किंवा मद्य सोबत असल्यास, आणि वृद्धांत तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. तरीही गोळी अचानक बंद करू नये, कारण त्यातून तीव्र अस्वस्थता, निद्रानाश, क्वचित फिट येऊ शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवडे ते महिने घेऊन उतरवावी लागते. दम लागल्यानेही भीती वाढते, म्हणून इनहेलर नीट ओढला जातो का हे आधी तपासावे. दीर्घकाळासाठी समुपदेशन किंवा एस्सिटालोप्रामसारखे सवय न लावणारे औषध बहुधा अधिक योग्य ठरते, मात्र तेही हळूहळूच थांबवावे लागते. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणत राहू नये. लातूर व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे.