गाण्याचे घर

मावळातील परंदवडीसारख्या गावी देवळात रात्री भजन रंगते, तेव्हा दारात कोणी तिकीट मागत नाही. पखवाजाची शाई उडाली, विण्याची तार तुटली किंवा मंडपावर नवे पत्रे घालावयाचे झाले, की घरोघर वर्गणी फिरते. ज्याला जे जमेल ते तो देतो. गाणे सर्वांचे, म्हणून त्याचा खर्चही सर्वांचा, ही रीत आपल्याला अगदी स्वाभाविक वाटते. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी रागदारी संगीताला ही रीत ठाऊक नव्हती. मोठमोठे गवई राजेरजवाड्यांच्या आश्रयाने राहत व त्यांचे गाणे बहुधा दरबारातच होई. सामान्य माणसाला ते कानी पडणेही दुर्मीळ होते. गवयाच्या विद्येचे कौतुक होई. पण समाजात त्याला मान मात्र थोडाच मिळे.

ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते पंडित विष्णु दिगंबर पलुसकर होत. त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. त्यांचे वडील कीर्तनकार होते. लहानपणी एका उत्सवात तोंडाजवळ फटाका उडाल्यामुळे विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली व शाळेचे शिक्षण थांबले. पुढे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यासारखे थोर गुरू त्याला लाभले. अनेक वर्षे कसून मेहनत केल्यावर १८९६ साली या तरुणाने मिरज सोडली. दरबारात सुखाची नोकरी मिळविण्याची इच्छा त्याला नव्हती. गाणे लोकांपर्यंत न्यावे आणि गवयाला मान मिळवून द्यावा, हा त्याचा निश्चय होता.

पंडितजींनी एक नवी वाट धरली. फिरत फिरत ते सौराष्ट्रात गेले व तेथे त्यांनी थोडे मूल्य ठेवून सर्वांसाठी गाण्याचा जाहीर जलसा केला. तिकीट घेईल त्याने यावे व गाणे ऐकावे! आज आपल्याला यात नवल वाटत नाही. पण त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती. एका राजाच्या मर्जीऐवजी शेकडो श्रोत्यांच्या लहानशा पैशावर गवई उभा राहू शकतो, हे त्यातून दिसून आले.

याच विश्वासाच्या बळावर ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कोणा एका संस्थानिकाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या मदतीवर व जलशांच्या उत्पन्नावर ते चालत असे. १९०८ मध्ये मुंबईसही महाविद्यालय सुरू झाले. तेथे ठरलेल्या वेळी वर्ग भरत, स्वरलिपीत छापलेली पुस्तके वापरीत. ज्यांना पुढे संगीतशिक्षक व्हावयाचे होते, असे विद्यार्थी अनेक वर्षे पंडितजींजवळच राहत. त्यांच्या अन्नवस्त्राचा भार महाविद्यालयच उचलीत असे.

एवढ्या मोठ्या परिवाराला भाड्याची जागा कोठवर पुरणार? गाण्याला स्वतःचे घर हवे, असे पंडितजींना वाटू लागले. त्यांनी मुंबईत सँडहर्स्ट रोडवर महाविद्यालयाची इमारत बांधली. त्यासाठी धनिकांकडून कर्ज घ्यावे लागले. ते फेडण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे पंडितजींचा गळा! ते गावोगाव दौरे काढीत, जलसे करीत आणि मिळालेला पैसा महाविद्यालयाकडे लावीत.

परंतु जलशाचे उत्पन्न आज अधिक, तर उद्या उणे. कर्जाचे व्याज मात्र दर महिन्याला नेमाने वाढत असते. त्याला थांबणे ठाऊक नसते. शिवाय विद्यार्थ्यांचे पोषण रोजचेच होते. पंडितजींनी त्यांना दूर लोटले नाही व शिकविणेही बंद केले नाही. कर्जाचा डोंगर वाढतच गेला आणि अखेर १९२४ च्या सुमारास ती इमारत सावकारांच्या देण्यापायी हातची गेली. ज्या घरासाठी त्यांनी इतका प्रवास केला, ते घर त्यांचे राहिले नाही. पुढे पंडितजी नाशिकला राहू लागले व रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले.

मग त्यांचे सारे श्रम वाया गेले काय? तसे झाले नाही. त्यांचे शिष्य गावोगाव पसरले होते. १९३१ मध्येच त्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धन यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर या शिष्यांनीही आपल्या गायनाने व अध्यापनाने गुरूचे कार्य पुढे नेले. आज लहानशा गावातील मुलगाही संगीताच्या परीक्षेला बसू शकतो, त्यामागे या शिष्यपरंपरेचे कष्ट आहेत.

दगडविटांचे घर कर्जात गेले. पण माणसांत पेरलेली विद्या कोणा सावकाराला जप्त करता आली नाही. तरीही एक गोष्ट विसरू नये. गाण्याला छप्पर लागतेच आणि ते एकट्या गवयाच्या गळ्यावर फार काळ तरत नाही. ऐकणाऱ्यांनीही आपला खांदा द्यावा लागतो. पुढच्या खेपेस देवळातील पखवाजासाठी वर्गणी मागावयास कोणी दारी आले, तर पंडितजींचे ते घर आठवावे.

शब्दार्थ
जलसा – गाण्याचा जाहीर कार्यक्रम. स्वरलिपी – गाण्याचे स्वर लिहून दाखविण्याची पद्धती. संस्थानिक – संस्थानाचा राजा. जप्त करणे – देण्यापायी मालमत्ता ताब्यात घेणे. देहावसान – मृत्यू.

स्वाध्याय
१. सव्वाशे वर्षांपूर्वी सामान्य माणसाला रागदारी संगीत ऐकावयास का मिळत नसे?
२. जाहीर जलशामुळे गवयाच्या जीवनात कोणता बदल होऊ शकत होता?
३. महाविद्यालयाची इमारत पंडितजींच्या हातून का गेली?
४. ‘आयुष्य वेचणे’, ‘खांदा देणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावात वर्गणीतून झालेल्या एखाद्या कामाची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.