दोरी तुटली, मशीन नाही

चोरखमारा गाव तिरोडा तालुक्यात आहे. गावाजवळ मोठा तलाव आहे. शेजारी नागझिऱ्याचं जंगल आहे. वादळ झालं की झाड वाटेवर आडवं पडतं. ते कापायला चेन सॉ, म्हणजे साखळीची करवत, कामाला येते.

अशा वेळी दोरी ओढली आणि तुटून हातात आली तर? मशीन जुनं असेल तर लोक म्हणतात, "द्या भंगारात!" थांबा. इंजिन चांगलं असेल. तुटली आहे ती फक्त दोरी.

स्टार्टर कसा चालतो?

झाकणाच्या आत एक चाक असतं. त्यावर दोरी गुंडाळलेली असते. चाकाखाली चपटी स्प्रिंग असते. दोरी ओढली की चाक फिरतं आणि इंजिनाला फिरवतं. दोरी सोडली की स्प्रिंग तिला परत आत ओढते. पुष्कळ पाण्याच्या पंपांना आणि फवारणी यंत्रांनाही असाच स्टार्टर असतो.

ही स्प्रिंग वेटोळं घातलेल्या सापासारखी आहे. गप्प दिसते, पण डिवचली तर उसळते. डोळा जाऊ शकतो. म्हणून चष्मा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका.

दोरी कशी बदलावी?

१. इंजिन थंड होऊ द्या. प्लगची टोपी काढा.

२. स्क्रू काढून स्टार्टरचं झाकण वेगळं करा.

३. दोरी तुटलेली नसेल तर स्प्रिंगवर ताण असतो. दोरी वीतभर ओढा. चाक घट्ट धरा. दोरी चाकाच्या खाचेतून बाहेर काढा. मग चाक हळूहळू उलटं फिरू द्या. ताण पूर्ण उतरला पाहिजे.

४. मधला स्क्रू किंवा क्लिप काढा. चाक हलक्या हाताने उचला. स्प्रिंग जागेवर राहू द्या.

५. जुन्या दोरीएवढीच जाड आणि लांब दोरी घ्या. सुतळी चालत नाही. नायलॉनच्या दोरीची टोकं आगीवर किंचित वितळवा, म्हणजे सुटत नाहीत. एक टोक चाकात, दुसरं मुठीत ओवा. गाठी पक्क्या मारा.

६. चाक बसवा. मधला स्क्रू किंवा क्लिप लावा. दोरी गुंडाळा. खाचेपाशी थोडी मोकळी ठेवा. ती धरून चाक ओढण्याच्या दिशेने काही फेरे फिरवा. फेरे किती, ते मशीनप्रमाणे बदलतं. मग चाक धरून मोकळी दोरी बाहेर ओढा आणि हळूच आत जाऊ द्या.

आता पारख करा

मूठ सैल लोंबते का? मग एक फेरा वाढवा. दोरी पूर्ण ओढून चाक धरा. चाक अजून अर्धा फेरा फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर ताण जास्त झाला. एक फेरा कमी करा, नाही तर स्प्रिंग मोडेल.

स्टार्टर टिकवायचा कसा?

करवत जमिनीवर टेकवा. मागच्या मुठीत पाय ठेवून दाबून धरा. दोरी आधी हळू ओढा. अडली की मग जोरात, पण सरळ ओढा. तिरपी ओढली की ती घासून झिजते. शेवटपर्यंत ताणू नका. मूठ हातातून सोडू नका. हाताने आत जाऊ द्या. झाकणाच्या फटींतला भुसा रोज झाडा. दोरी झिजून केसाळ दिसू लागली की तुटायची वाट पाहू नका.

जुन्या मशीनचे भाग मिळणं कठीण असतं. म्हणून बंद पडलेल्या मशीनचं चाक, स्प्रिंग, खटके डब्यात जपून ठेवा. दुसऱ्या मशीनला उपयोगी पडतील.

आणि एक ध्यानात ठेवा. हाती करवत आहे म्हणून वाटेल ते झाड तोडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीचा कायदा आहे. आधी परवानगी, मग करवत.

वाचा आणि सांगा

१. झाकण उघडण्याआधी काय घालावं? का?

२. दोरी शाबूत असेल तर आधी काय उतरवावं?

३. तुमच्या घरी दोरीने सुरू होणारं कोणतं यंत्र आहे? त्याची दोरी आज पाहून या.