लाडवाचे गणित आणि मेसचा काटा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीहून परत आलो त्या दिवशी मेसमध्ये बटाट्याची पोती उतरत होती. काटा मोकळा दिसला म्हणून गंमत म्हणून वर उभा राहिलो. जाताना याच काट्यावर ६४ किलो भरलो होतो, आता ६७! मेसचे मामा म्हणाले, "काटा बरोबर आहे रे, बटाटे यावरच घेतो." रूम पार्टनरने लगेच पार्टी मागितली.

१५ दिवसांत ३ किलो. म्हटलं, इतकी वर्षं एनर्जी बॅलन्सची गणितं सोडवतोय, एक स्वतःवर सोडवून पाहू. आईला फोन करून बेसनाच्या लाडवाचं प्रमाण विचारलं. (तिला वाटलं, मुलगा स्वयंपाक शिकतोय!) अर्धा किलो बेसन, ३०० ग्रॅम तूप, ४०० ग्रॅम पिठीसाखर, लाडू ३०. आता पाहा, तूप ग्रॅमला ९ किलोकॅलरी, साखर ४, बेसन साधारण पावणेचार. एकूण ६,१७५, म्हणजे एका लाडवाला दोनशेच्या थोडं वर. वजनात तूप पाव हिस्सा, पण कॅलरीत जवळजवळ निम्मं. आणि एक लाडू चालून जिरवायचा तर माझ्या वजनाच्या माणसाला चार किलोमीटरच्या वर चालावं लागतं. "खाऊ आणि सकाळी पळू" म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. बरं, सुट्टीत सकाळ उजाडते किती वाजता?

पण उत्तर जुळेना. १ किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. ३ किलो चरबी चढायला रोजच्या जेवणावर आणखी सात-साडेसात लाडू, तेही सलग १५ दिवस! मी खादाड आहे, पण इतका नाही. मग बाकीचं काय? बरंचसं पाणी. चकली-चिवड्यातलं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. शिवाय जास्तीचे पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेन म्हणून साठतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं. झालंही तसंच. मेसची आमटी-पोळी सुरू झाली आणि आठ दिवसांत काटा ६५ वर आला.

उरला १ किलो. तो काही हलेना.

या उरलेल्या हिशोबावर अमेरिकेत अभ्यास झालाय. तो २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. १९५ प्रौढांची वजनं तिथल्या सणांच्या मोसमात, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी, आणि नंतरही घेतली. मोसमातली वाढ सरासरी फक्त ०.३७ किलो. अगदीच किरकोळ. पण ती पुढच्या वसंतात-उन्हाळ्यात उतरली नाही. दरवर्षी एवढीशी केटी, आणि ती कधीच क्लिअर होत नाही!

"मी तर बारीक आहे, मला काय होतंय?" असं कोणी म्हणेल. मीही म्हणायचो. माझे बाबा साडेपाच फूट उंच, ६२ किलो. पोट जरा पुढे, एवढंच. त्यांना ४६ व्या वर्षी मधुमेह निघाला. घरात कोणाचा विश्वास बसेना. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! आपण भारतीय काट्यावर बारीक दिसतो आणि चरबी आत पोटाशी साठवतो. म्हणून काट्याबरोबर टेपही हवी. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० च्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. सर-मॅडमनीही मोजून पाहायला हरकत नाही.

मग फराळ सोडायचा? छे! गेल्या दिवाळीत बाबा लाडवाच्या ताटाकडे न बघता पेपर वाचत बसले होते. आईने ताट आत नेलं आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. फराळ नाकारणं म्हणजे नुसती कॅलरी नाकारणं नव्हे, हे त्या दिवशी कळलं. तिने नंतर बाबांपुढे अर्धा लाडू ठेवला, जेवणातली एक पोळी कमी करून. दोघंही खूश.

तसा लाडू बिचारा प्रामाणिक, मोजता तरी येतो. खरा चोर चिवडा. डबा मांडीवर, समोर लॅपटॉप, तळ कधी दिसला कळतही नाही. म्हणून वाटीत काढून घ्यावा आणि डबा कपाटात. जेवणानंतर १५-२० मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी उसळते, तेव्हा मित्राकडे फराळाला जायचं तर बाइक न काढता जा.

आणि दिवाळी चार-पाच दिवसांचीच असते. माझी मात्र हॉस्टेलवर आणखी तीन आठवडे चालली. रात्री दोन वाजता जर्नल लिहिताना पलंगाखालचा डबा! त्या एका किलोचा संशय मला त्याच्यावरच आहे. यंदा आमच्या विंगेत ठरलंय, आल्या दिवशी सगळ्यांचे डबे कॉरिडॉरमध्ये उघडायचे. चौदा जण आहोत. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग चकल्या थोड्या जास्त देते."