व्यायामार्थ सायकलची निवड : रुग्णास काय सांगावे?

स्थौल्य व प्रमेहाच्या रुग्णास आपण व्यायाम सांगतो. औषध लिहिताना मात्रा, काल, अनुपान यांचा तपशील देणारे आपण सायकलच्या बाबतीत मात्र ‘रोज सायकल चालवा’ एवढेच सांगून मोकळे होतो. पुढचा निर्णय दुकानदार घेतो. प्रस्तुत लेखकाच्या एका रुग्णाने (वय ४६, स्वतःचे औषधी दुकान, दिवसभर बैठक) अशाच सल्ल्यावरून जाड टायरची, पुढे-मागे शॉकअबसॉर्बर असलेली सायकल घेतली. दोन महिन्यांत तो जानुशूल घेऊन आला. संधिगत वाताची चिकित्सा सुरू केली. स्नेहन-स्वेदनाने उपशम मिळे, सायकल चालविली की पुन्हा शूल. अखेर त्यास सायकलवर बसवून पाहिले, तेव्हा सीट चार अंगुळे खाली असल्याचे ध्यानात आले. निदानपरिवर्जन ही प्रथम चिकित्सा, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. येथे निदान दवाखान्याबाहेर स्टँडवर उभे होते.

डांबरी रस्त्यावर चालविण्यासाठी शॉकअबसॉर्बरची आवश्यकता नाही. स्वस्त सायकलमध्ये ते केवळ वजन वाढवितात आणि पायाने दिलेला जोर स्प्रिंगमध्ये जिरतो. अशा सायकलचे वजन सहज १५ ते १८ किलो भरते. साध्या प्रतीच्या रोड सायकलचे १० ते ११ किलो. रोड सायकल म्हणजे खाली वळलेले हॅण्डल, अरुंद टायर व हलका सांगाडा. मात्र ज्याचे पोट सुटले आहे, ज्यास मन्याशूल वा कटिशूल आहे, त्यास वळलेल्या हॅण्डलवर ओणवे होणे जड जाते. अशा रुग्णास सरळ हॅण्डलची, पण त्याच जातीच्या चाकांची हायब्रीड सायकल सुचवावी. यात कमीपणा काही नाही.

खरेदीत सर्वाधिक लक्ष मापाकडे द्यावे. सवलतीत मिळते म्हणून मोठ्या मापाची सायकल घेणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावणे होय. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक पुस्तक जांघेत घट्ट धरावे व त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. या अंतरास ०.८८३ ने गुणले असता पायडलच्या मुख्य आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ८० सेंमीच्या पायास ती सुमारे ७०.६ सेंमी होते. १९८६, १९८९ व १९९० असा तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणारा अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्यामुळे ही रीत प्रचलित झाली. टेप नसेल तर टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असता पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालविताना गुडघ्यात किंचित वाक राहतो. सीट खाली असल्यास गुडघ्याच्या पुढील बाजूस वेदना होते, फार वर असल्यास मागील बाजूस, आणि नितंब डावी-उजवीकडे झुलतात.

गिअर किती, यापेक्षा सर्वांत हलका गिअर कोणता, हे विचारावे. पुढे ३४ दात्यांची व मागे ३२ दात्यांची चकती असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. जुन्या शर्यतीच्या सायकलींत पुढे ४२ व मागे २३ असे. तेथे तोच आकडा पावणेचार मीटरांच्या वर जातो. पुण्याहून दिवे घाट चढू पाहणाऱ्या नवख्याच्या गुडघ्यांना हा फरक लगेच कळतो. जड गिअरमध्ये सावकाश जोर लावण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ७० ते ९० फेरे मारणे संधींस हितकर. शिमानोची क्लॅरिस ही आठ चकत्यांची श्रेणी या कामास पुरेशी आहे; त्यावर अधिक पैसे घालू नयेत. आपल्याकडील खड्डे पाहता टायर २८ ते ३२ मिमी रुंदीचे बसतील असा चिमटा असावा. हेल्मेट, मागचा दिवा, हवेचा दाब दाखविणारा पंप यांची तरतूद प्रथम करून उरलेल्या रकमेत सायकल पाहावी.

जुनी सायकल घेण्यास हरकत नाही. हौस फिटल्याने नव्यासारख्याच विकल्या जाणाऱ्या सायकली पुष्कळ असतात. सांगाड्याच्या जोडांवर तडा, रंगाला सुरकुती आहे का पाहावे. नव्या साखळीच्या एका पिनेपासून पुढे चोवीस पिना मोजल्या तर बरोबर १२ इंच भरतात. अष्टमांश इंच अधिक भरल्यास साखळीबरोबर मागच्या चकत्याही बदलाव्या लागण्याचा संभव असतो. तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी.

मात्रेविषयी वाग्भटाचार्यांचा अर्धशक्तीचा दंडक आपणांस ज्ञात आहेच. ललाटी घाम आला, श्वास मुखाने सुरू झाला की त्या दिवशी थांबावे. अजीर्ण असता व्यायाम वर्ज्य. छातीत दुखणे वा थोड्या श्रमाने धाप लागणे असा इतिहास असल्यास आधी हृदयाची तपासणी करवून घ्यावी. इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी व एकटे दूर जाऊ नये. जननेंद्रियाजवळ बधिरता आल्यास सीटचे नाक किंचित खाली करावे. तरीही न गेल्यास सीट बदलावी.

उपरोक्त रुग्णाची सीट त्याच दिवशी वर केली. जानुशूल तीन आठवड्यांत शमला. ती जड सायकल त्याने पुढे पुतण्यास दिली व स्वतःच्या मापाची जुनी हायब्रीड घेतली. आता तो आठवड्यातून चार दिवस, दुकान उघडण्यापूर्वी तासभर जातो.